मुक्याची हांक

आमच्या घरीं माणसें बारा आणि तेरावा मन्या. हा बोका कोणी आणला नव्हता. एका पावसाळी रात्रीं तो माजघरांत येऊन बसला आणि आईनें त्याला दूध घातलें, एवढाच त्याचा इतिहास. त्यानंतर गेल्या वैशाखापर्यंत त्याच्या आजाराची चिंता आम्हांस कधीं करावी लागली नाहीं. त्या वेळीं जें घडलें त्यांत माझा दोष किती होता, हें वाचकांस सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

त्या सकाळीं मन्या मोरींत जाऊन कुंथत बसे, बाहेर येई, पुन्हां जाई. मीं त्याला दोनदां हांकलून दिलें. वहिनी म्हणाल्या, "बद्धकोष्ठ असेल, होईल बरा." तें सर्वांस पटलें. दुसऱ्या दिवशीं त्यानें अन्न सोडलें, ओकारी केली, आणि आईनें पोटाला हात लावतांच तो ओरडला. आई म्हणाली, "अरे, याची लघवी तुंबली आहे. तुझ्या वडिलांचें असेंच झालें होतें." तेव्हां कोठें मीं त्याला टोपलींत घालून पशुवैद्यांकडे धांव घेतली.

मूत्राशय फुगून टणक झाला होता. वैद्यांनीं समजावून सांगितलें कीं, बोक्याची मूत्रनलिका टोंकाशीं फार अरुंद असते. लघवींतील बारीक स्फटिक चिकट द्रव्यांत मिसळून तेथें बूच बसतें. मांजरीची नलिका आंखूड व रुंद, म्हणून तिला हें संकट क्वचितच येतें. लघवी अडली कीं रक्तांत पोटॅशियम सांचतें, हृदयाचे ठोके मंदावतात आणि दोनतीन दिवसांत प्राणी दगावूं शकतो.

भूल देऊन, बारीक नळीनें व क्षारजलानें तें बूच काढलें. परंतु महिन्याभरांत मार्ग आणखी दोनदां तुंबला. आतां शस्त्रक्रियाच उरली. तींत शिश्नाचा अरुंद भाग काढून आंतील रुंद नलिका उघडतात व तिच्या कडा त्वचेला शिवतात. विल्सन व हॅरिसन यांनीं १९७१ सालीं या शस्त्रक्रियेचें वर्णन प्रसिद्ध केलें. कुत्र्याच्या शिश्नांत हाड असतें व खडा बहुधा त्याच्या मागें अडकतो. वारंवार अडकूं लागल्यास त्याच्याही नलिकेला अलीकडे नवें तोंड करून देतात.

दादा म्हणाले, "मुक्या जिवाला न विचारतां कापावयाचें? हा कसला धर्म?"

आई शांतपणें म्हणाली, "बोलतां येतें त्याला विचारावें. ज्याला येत नाहीं, त्याचें दुखणें पाहून आपणच ठरवावें."

दादा कांहीं बोलले नाहींत. सकाळीं पैसे त्यांनींच आणून दिले.

नंतर १४ दिवस मन्याच्या गळ्याभोंवतीं नरसाळ्यासारखी पट्टी होती, आणि वाळू टांक्यांना चिकटूं नये म्हणून मुलें त्याच्यासाठीं कागदाचे कपटे करीत. शस्त्रक्रियेनें वाट रुंद होते, स्फटिक होणें थांबत नाहीं. शिवाय पुढें जंतुदोषाचें भय वाढतें. म्हणून त्याचें अन्न वैद्यांच्या सांगण्याप्रमाणें असतें आणि पाण्याचीं भांडीं घरांत तीन ठिकाणीं भरलेलीं असतात.

मन्या आतां बरा आहे. परंतु तो मोरीकडे वळला कीं माझ्या हातांतलें काम थांबतें. त्या दिवशीं तो मदत मागावयास आला होता, आणि मीं त्याला दोनदां हांकललें होतें.