गाडीला अजून अवकाश आहे

वाढोणा हे हिमायतनगरचे जुने नाव. परमेश्वराच्या यात्रेला निघालेली म्हातारी माणसे आजही वाढोण्यालाच जातात. 'नगर' हा शब्द गावाच्या नावात आला. तो गावाच्या जगण्यात किती उतरला, हा प्रश्न मात्र शिल्लक आहे. कायद्याने घोषित झालेली शहरे सोडली, तर जनगणना एखाद्या वस्तीला नगर म्हणण्यासाठी तीन अटी घालते: किमान 5,000 लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान 400 माणसे, आणि मुख्यतः काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेरच्या कामात. तिसऱ्या अटीतला 'पुरुषांपैकी' हा शब्द वाचकाने नजरेआड करू नये. गाव शहर झाले की नाही, हे ठरवताना बाईचे काम मोजलेच जात नाही. नगरविषयक अभ्यासाच्या उंबरठ्यावरच ही गाळणी बसवलेली आहे.

आम्ही मराठीचे अध्यापक. नगररचना आणि वाहतूक यांच्याशी आमचा संबंध काय, असे कुणी विचारील. आमचा संबंध शब्दांमुळे येतो. या विषयावरील संशोधनात 'सार्वजनिक अवकाश' ही संज्ञा आता रूढ झाली आहे. समीक्षेतही आपण 'कादंबरीचा अवकाश' असे सहज लिहून जातो. पण अवकाश हा शब्द मराठीत केवळ जागेचा नाही. 'गाडीला अजून अवकाश आहे' असे आपण म्हणतो, तेव्हा तो वेळेचा असतो. 'जरा अवकाश मिळाला तर' म्हणतो, तेव्हा सवडीचा. जागा, वेळ आणि सवड या तिन्ही गोष्टी भाषेने एकाच शब्दात बांधून ठेवल्या आहेत. अभ्यासकाने त्यांतली फक्त जागा उचलली, म्हणजे अर्थाचा मोठा भाग मागे राहतो.

पदवीच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रप्रकल्प करावा लागतो. आम्ही त्यांना एक साधे काम दिले होते: रस्त्यावरच्या फाट्यांवर गाडीची वाट पाहणारी माणसे कुठे आणि कशी थांबतात, एवढेच टिपून आणा. फाटा ही जागा गावाची नाही, शहराचीही नाही. एक पानटपरी, एक लिंब, गावाचे नाव पुसट झालेला एक दगड. मुलांच्या वह्यांतून जे आले, ते आम्ही रोज पाहत होतो, तरी लिहिलेले वाचताना वेगळे दिसले. पुरुष बसतात: टपरीच्या बाकावर, दुचाकीवर, दगडावर. बाया गटाने, थोड्या अंतरावर उकिडव्या बसतात. कॉलेजच्या मुली मात्र उभ्या राहतात. दप्तर छातीशी, नजर रस्त्याकडे, कानाला फोन. एका विद्यार्थिनीने लिहिले होते की फोन बहुधा बंदच असतो.

मुंबईतील स्त्रिया आणि सार्वजनिक जागा यांवर शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचे 'व्हाय लॉयटर?' हे इंग्रजी पुस्तक 2011 साली आले. रस्त्यावर असण्यासाठी बाईला सतत काहीतरी कारण दाखवावे लागते, आणि निष्कारण रेंगाळता येणे हाही नागरिकाचा हक्कच आहे, असा त्याचा रोख आहे. मुंबईबद्दलचे हे म्हणणे आमच्याकडच्या फाट्यावर तंतोतंत लागू पडते. तो बंद फोन म्हणजे कारणाचा दाखलाच. विल्यम व्हाइट या अभ्यासकाने न्यूयॉर्कमधील चौकांचे निरीक्षण करून 1980 साली निष्कर्ष मांडला, की जिथे बसायला जागा असते तिथे माणसे बसतात. निष्कर्ष इतका सरळ, की हसू यावे. पण जागा असूनही जी बसत नाही, तिचे काय, हे विचारायला फाट्यावरच यावे लागते.

'सार्वजनिक' हा शब्दही असाच तपासून घ्यावा लागतो. पुण्यात 1870 साली सार्वजनिक सभा स्थापन झाली. जोतीराव फुले यांचा 'सार्वजनिक सत्यधर्म' त्यांच्या पश्चात 1891 साली प्रसिद्ध झाला. एकाच शब्दाने दोन वेगळे 'सर्वजन' मनात धरले होते. मुंबई विधिमंडळात 1923 साली बोले ठराव झाला, तरी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी 20 मार्च 1927 चा सत्याग्रह करावा लागला, आणि ते तळे सार्वजनिक आहे, हे उच्च न्यायालयातून ठरायला 1937 साल उजाडले. जागा सार्वजनिक असत नाही, ती करावी लागते. हे महाराष्ट्राला कोणत्याही परक्या सिद्धान्ताच्या आधी ठाऊक होते.

जागांची नोंद करण्याची परंपराही आपल्याकडे जुनी आहे. महानुभावांच्या 'स्थानपोथी'त चक्रधरस्वामी कुठे राहिले, कुठे बसले, कुठे फिरले, त्या त्या स्थळांच्या दिशांसह खुणा आहेत. त्यात आसनस्थाने आहेत, तशी परिश्रयाची, म्हणजे लघुशंकेची स्थानेही आहेत. श्रद्धेपोटी का होईना, देहाच्या गरजांसकट जागा नोंदवण्याची ही शिस्त आम्हाला मोलाची वाटते. दिवसभर घोटभर पाणीही न पिता शिकायला येणाऱ्या मुलींची नोंद करायची, तर हीच शिस्त हवी.

मराठवाड्याला सरकारी मोटार काही उशिरा मिळालेली नाही. हैदराबाद संस्थानात निजामाच्या रेल्वेने 1932 साली 27 गाड्यांनिशी बससेवा सुरू केली. मुंबई प्रांतातील पहिली एस.टी. पुणे-अहमदनगर मार्गावर धावली ती 1 जून 1948 रोजी. अलीकडे, 17 मार्च 2023 पासून, स्त्रियांना एस.टी.त निम्मे भाडे झाले. या सवलतीने किती घरांत मुलीच्या प्रवासाला होकार मिळाला, हे आम्ही जाणतो. पण भाडे हा प्रवासाचा एक भाग झाला. दुसरा भाग वाट पाहण्याचा. तिकिटाची नोंद होते, वाट पाहण्याची होत नाही.

आणि खरा हिशेब तिथेच लागतो. आमच्या मुली विषय निवडतात, तेव्हा तासिकेची वेळ आधी पाहतात, विषय नंतर. शेवटच्या तासाला लावलेली कविता मुलांची होते. मुलींची होत नाही. ग्रंथालयात उशिरापर्यंत बसणे, व्याख्यानानंतर वक्त्याला प्रश्न विचारणे, कट्ट्यावर वाद घालणे, ज्याला आपण वाङ्मयीन संस्कृती म्हणतो, ते सगळे गाडीच्या वेळेनंतर घडते. मराठी साहित्यात आमच्या भागातील लिहित्या स्त्रिया इतक्या थोड्या का, याची चर्चा प्रतिभेपासून सुरू न करता वेळापत्रकापासून सुरू करावी, असे आम्हाला वाटते.

नगराची चौथी अट घालायची झाली, तर ती लोकसंख्येची नसावी. दिवेलागणीनंतर एखादी मुलगी फाट्यावरच्या बाकावर, हातात फोन न धरता, निवांत बसू शकते का? ज्या दिवशी ती बसेल, आणि 'गाडीला अजून अवकाश आहे' हे वाक्य तिच्या तोंडी धास्तीने न येता आरामात येईल, त्या दिवशी वाढोण्याच्या नव्या नावातला 'नगर' खरा ठरेल.