सुटलेली खुंटी

गेल्या दिवाळींत चकलीचा पहिलाच घास घेतांना आमचा पुढचा दांत आंतील खुंटीसह तळहातावर आला. तीन वर्षांपूर्वीं त्याचें रूट कॅनॉल करून, काचतंतूंची बारीक खुंटी रेझिननें मुळांत चिकटवून, तिच्यावर टोपी बसविली होती. घरांत हंशा पिकला. आम्ही मात्र संतापलों. तसेच दंतवैद्यांकडे गेलों आणि बाहेर बसलेल्या रोग्यांदेखत "हेंच का तुमचें काम?" असें विचारून बसलों.

दंतवैद्यांनीं शांतपणें खुंटी भिंगाखालीं धरली. "नाना, हें पाहा. रेझिन खुंटीला अजून घट्ट आहे. सुटलें आहे तें मुळापासून."

मग त्यांनीं सर्व उलगडून सांगितलें. दांताच्या वरच्या कवचांत, म्हणजे इनॅमलांत, वजनानें सुमारें ९६ टक्के खनिज असतें. फॉस्फोरिक अ‍ॅसिडानें तें खरखरीत केल्यास रेझिन त्यास पक्कें धरतें, हें बुओनोकोर ह्यांनीं १९५५ सालीं दाखविलें. मुळाच्या डेंटिनांत खनिज ७० टक्क्यांच्या आसपास. बाकी मुख्यतः कोलॅजन आणि पाणी. अ‍ॅसिडानें खनिज निघालें कीं कोलॅजनचें जाळें उघडें पडतें व त्यांत रेझिन मुरावें लागतें. हा मिश्र थर जपानच्या नाकाबायाशी ह्यांनीं १९८२ सालीं वर्णिला. जाळें फार सुकविलें तर तें चेपतें. फार ओलें राहिलें तर रेझिन नीट मुरत नाहीं. त्यांतून मूळ अरुंद आणि खोल. रेझिन घट्ट करणारा प्रकाश तळापर्यंत पुरेसा पोहोंचत नाहीं. पोकळी धुण्याचें हायपोक्लोराइटही रेझिनच्या घट्ट होण्यांत अडथळा आणतें. एवढें साधलें तरी डेंटिनांतीलच विकरें उघडें राहिलेलें कोलॅजन वर्षानुवर्षें पोखरीत असतात.

आम्ही खजील झालों. तेव्हां तेच म्हणाले, "आपलें दैव चांगलें. जोड सुटला, पण मूळ शाबूत आहे. मूळच उभें चिरलें असतें तर दांत काढावा लागता. सुटलेलें पुन्हां चिकटवितां येतें."

खुंटी त्याच दिवशीं बसली. बाहेर येतांना, ज्यांच्यादेखत आम्हीं तो प्रश्न विचारला होता, त्यांतील बरेच जण अजून बसलेले होते. त्यांच्यादेखतच आम्हीं दंतवैद्यांची क्षमा मागितली. चकली मात्र आतां हातानें मोडून, दाढेखालींच घेतों.