शरणपूरची मुले

नारळी पौर्णिमा आली की आमच्या मढला समुद्राला नारळ वाहतात. होड्यांवर पताका फडफडतात, घरोघर नारळीभात होतो, आणि दर्याचे उपकार वर्षातून एकदा तरी मोठ्याने बोलून दाखवले जातात. मला ही रीत फार आवडते. याच सणाच्या आगेमागे, २३ ऑगस्टला, जग आणखी एक दिवस पाळते : गुलामांच्या व्यापाराच्या आणि त्याच्या अंताच्या स्मरणाचा. १७९१ साली, २२ ऑगस्टच्या रात्री, हैतीतले गुलाम मालकांवर उलटले, त्याची ही आठवण. तारीख निवडणारांचे मला कौतुक वाटते. त्यांनी कोणा पार्लमेंटच्या ठरावाचा दिवस घेतला नाही!

कायदा आपल्याकडेही झाला होता, १८४३ साली. गुलामावरचा मालकी हक्क कोर्टाने मानू नये, एवढेच तो सांगे; माणसाची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरायला पुढे पीनल कोड यावे लागले. असल्या तारखेला पुरणपोळी कोण करणार?

आठवण ठेवण्याजोगी आहेत ती माणसे. एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेतली पोरे गलबतांत कोंबून विकायला नेत. इंग्रजी आरमाराने अशी गलबते पकडली की सुटलेल्या पोरांना पुष्कळदा मुंबईला उतरवीत. त्यांतली कितीतरी नाशिकच्या शरणपूरला गेली. मिशनऱ्यांनी तिथे त्यांना अक्षरे शिकवली, सुतारकी-लोहारकी शिकवली आणि नवी नावेही दिली. जेकब वेनराइट हे त्यांतलेच एक.

१८७३ साली डॉ. लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या पोटात वारले. तेव्हा प्रार्थना वाचली या जेकबने, झाडावर नाव कोरले त्यानेच. मग चुमा, सुसी, जेकब आणि त्यांच्या सोबत्यांनी तो देह कित्येक महिने चालत समुद्रापर्यंत आणला. यांतला चुमा मुंबईला डॉ. विल्सन यांच्या शाळेत शिकलेला! लंडनला दफनाच्या वेळी त्यांच्यातला एकटा जेकब हजर होता. चुमा आणि सुसी पोचले ते सारे आटोपल्यावर. वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या त्या शिळेवर लिहिले आहे की, विश्वासू हातांनी हा देह येथे आणला. हात कोणाचे, ते लिहिलेले नाही.

त्याच १८७३ साली झांजीबारचा गुलामांचा बाजार बंद झाला, आणि त्याच साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहून ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. सातासमुद्रांपलीकडची सुटका त्यांनी अशी आठवली, की आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवून इथल्या शूद्रांना सोडवावे. आठवण ठेवण्याची ही तऱ्हा मला नारळ वाहण्याइतकीच खरी वाटते.

शरणपूरची बरीच मंडळी पुढे मोंबासाजवळ फ्रिअर टाउनला जाऊन राहिली. तिकडे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. इकडे नाशिकला शरणपूर रोड आहे. सणासुदीला तिथे खरेदीची ही गर्दी असते.