पायाखालची थरथर

मराठीत थरथरण्याला शब्दांची वाण नाही. भयाने सुटते ते कापरे, तापात भरते ते हीव, पौषात वाजते ती हुडहुडी, आणि उतारवयात हाताला जडतो तो कंप. भाषेने प्रत्येक वेळी कारण पाहून शब्द दिला आहे. दुर्ग येथील एका निवृत्त धातुवैज्ञानिकाच्या घरी जी जुनी मोटार आहे, तिच्या थरथरीला यांपैकी कोणता शब्द लावावा, हे ठरायला मात्र वीसहून अधिक वर्षे जावी लागली.

मोटार स्टँडर्ड हेरल्ड, १९६६ सालची, दोन दारांची. मद्रासला १९६१ पासून ही गाडी बांधली जाऊ लागली. मूळची ती इंग्रज, १९५९ ची ट्रायम्फ हेरल्ड. तिचे रेखाटन मात्र मिकेलोत्ती या इटालियन कलावंताचे. तिच्याच रचनेवर पुढे १९६२ मध्ये ‘स्पिटफायर’ ही दोन आसनांची स्पोर्ट्‌स कार उभी राहिली. तेव्हा हेरल्डच्या अंगात ते रक्त मुळातच होते असे म्हणायला हरकत नाही. अँबॅसडर आणि फियाट यांचा गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली असे त्या काळात हिचा जमिनीतून वर आलेला होता. बॉनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उलथे, आणि सारे इंजिन उघड्यावर येई. इंजिन अवघे ९४८ घनसेंटिमीटरचे. पण गाडी लहानशा वर्तुळात अशी काही वळे, की दुर्गच्या कचेरीच्या आवारात ते पाहायला पक्षकार थांबत.

तिचे मालक, या धातुवैज्ञानिकाचे वडील, तेथेच वकिली करीत. घराणे नागपूरकडून आलेले. दुर्ग तेव्हा मध्य प्रांतात होते आणि प्रांताची राजधानी नागपूर होती, म्हणून ते स्थलांतर कोणाला स्थलांतर वाटले नाही. भिलाईच्या कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पेटली, आणि शेतांच्या जागी सेक्टर उभे राहिले. वकिलांचा मुलगा पुढे त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागला. रेल्वेच्या रुळांचे तुकडे घासून, आम्लात बुडवून, सूक्ष्मदर्शकाखाली वाचायचे आणि कोणता रूळ पास, कोणता बाद हे ठरवायचे, यात त्याची हयात गेली.

१९८८ च्या सुमारास गाडी उचलताना थरथरू लागली. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना आणि मागे घेताना सारे अंग सेकंदाला दहा-पंधरा वेळा हादरे. क्लच पूर्ण सुटला की पुन्हा सारे शांत. मुलगा म्हणे, गाडी आता मी चालवतो. अण्णा म्हणत, “म्हातारी झाली ती. थंडी वाजते तिला.” चावी त्यांनी दिली नाही. शब्दाने शब्द वाढला, आणि मुलाने त्या गाडीत बसणे सोडले. १९९४ मध्ये अण्णा गेले. गाडी परसातल्या शेडमध्ये झाकून राहिली.

निवृत्तीनंतर, २०१० मध्ये, मुलाने तिच्यावरचे कापड काढले. एका गॅरेजमध्ये नवी क्लच प्लेट बसवली, थरथर कायम. वर्षभरात दुसरी बसवली. थोडे दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच. दोन्ही वेळा तिथल्या कारागिराने फ्लायव्हील घासून घेण्याचे सुचवले होते आणि दोन्ही वेळा मालकाने ते नाकारले होते. अण्णांच्या गाडीचे मूळचे लोखंड कोणी खरवडू नये, एवढेच त्याचे म्हणणे. हजारो रूळ निर्विकारपणे बाद करणाऱ्या माणसाचे हे म्हणणे होते.

सुपेल्यातल्या एका वृद्ध मिस्त्रीकडे गाडी गेली ती त्यानंतर. या गृहस्थाने आधी पान्याला हात लावला नाही. तो शेजारच्या आसनावर बसला आणि मालकाला जी. ई. रोडने गाडी न्यायला सांगितली. थरथर वेगाबरोबर वाढत नाही, तेव्हा ती मागच्या शाफ्टची नव्हे. उभ्या गाडीत क्लच दाबून इंजिन फिरवले तर काही नाही, तेव्हा इंजिनाचीही नव्हे. सकाळी कमी, रहदारीत गाडी तापल्यावर जास्त. मग इंजिनाखालची रबरी माउंटिंगे पाहिली. एक तेलाने मऊ पडले होते, ते बदलले. थरथर निम्मी झाली. अनेकांनी येथेच बिल केले असते. पण माउंटिंग थरथर पोसते, जन्माला घालत नाही, हे त्याला ठाऊक होते.

हेरल्डचा गिअरबॉक्स खालून नव्हे, आतून काढतात. आसने निघाली, गालिचा निघाला, मधले आवरण निघाले, आणि गाडीच्या पोटातून तो वर आला. मिस्त्रीने प्लेट नाकाशी धरली. गिअरच्या तेलाला गंधकाचा वास असतो, इंजिनाचे तेल काळे आणि पातळ. येथे दोन्ही नव्हते. तेल पुष्कळ लागले तर क्लच घसरतो, हे सर्वांना माहीत असते. थोडेच लागून भाजले, तर त्याची राळ होते आणि सारंगीच्या गजाला राळ जे करते तेच ती क्लचला करते: पकडायचे, सोडायचे, पुन्हा पकडायचे. तारेतून त्याचा स्वर होतो, गाडीत त्याचे हादरे. पण प्लेट कोरडी होती. प्रेशर प्लेटची बोटेही एका उंचीची निघाली.

उरले फ्लायव्हील. मिस्त्रीने ते अंगणात तिरप्या उन्हात ठेवले. राखाडी पृष्ठभागावर निळसर-काळे डाग वर्तुळाने पसरले होते. त्याने बारीक कानस घेतली. डागाशेजारी ती बसे, डागावरून काचेवरून सरकावी तशी सरके. धातुवैज्ञानिकाला पुढचे सांगावे लागले नाही. बीड एका जागी लाल तापते, भोवतालचे थंड लोखंड ती उष्णता झटक्याने ओढून घेते, आणि तेवढ्या ठिपक्यात ठिसूळ, कठीण मार्टेन्साइट तयार होते. रुळावर चाक घसरले की नेमके हेच होते. असे डाग पाहून त्याने कितीतरी रूळ बाद केले होते. प्लेट नवी असो की जुनी, फिरताना तिला कधी मऊ जागा लागणार, कधी कठीण. पकड एकसारखी बसणार कशी?

मिस्त्री डागांकडे पाहत म्हणाला, “साहब, कोई पाँव रखे-रखे चलाता था।”

हेरल्डमध्ये क्लचच्या डावीकडे पाय टेकायला जागा बेताचीच. अण्णांचा डावा गुडघा अखेरच्या वर्षांत वाकत नव्हता. पायरी चढताना ते भिंतीला हात लावीत, हे घरात सगळ्यांनी पाहिले होते. पाय दर वेळी उचलायचा आणि पुन्हा पेडलवर न्यायचा, त्यापेक्षा तो तेथेच ठेवणे सोयीचे. क्लच सदा अर्धवट दबलेला, सदा थोडा घसरता. गाडीला थंडी वाजते म्हणणाऱ्या माणसाला वेदना होत होत्या, आणि त्या त्याने एकदाही बोलून दाखवल्या नाहीत. समोरच्या लोखंडावर मात्र त्या एकेका डागाने उतरल्या होत्या. मुलगा तो पृष्ठभाग बराच वेळ पाहत बसला. मग त्याने स्वतःच सांगितले, घासून टाका.

लेथवर चालणार नव्हते. कातणारे हत्यार कठीण ठिपक्यावर उडते आणि तेथे उंचवटा ठेवते. ग्राइंडिंगच हवे होते. दोन फेऱ्यांनंतर पृष्ठभाग आरशासारखा दिसला. मिस्त्री समाधानी होता. मालकाने घरून नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण आणून पुसले, तर तीन डाग पुन्हा उमटले. आणखी एक फेरी झाली. मग जुन्या गिअरबॉक्सचा दांडा घालून प्लेट मध्यावर आणली, बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे आवळले. प्लेटला हात लावण्यापूर्वी मिस्त्री साबणाने हात धुवायला दोनदा उठला.

चाचणीसाठी ते शिवनाथच्या पुलाकडे गेले. चढावर गाडी थांबवून मालकाने क्लच सोडला. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी उचलली गेली. दुसरा गिअर, तिसरा गिअर, मोकळा रस्ता. मालक काही बोलला नाही. पुढे पाहत तो गाडी हाकत राहिला. शेजारी बसलेल्या मिस्त्रीची नजर खाली वळली.

“पाँव हटाइए, साहब,” तो हळूच म्हणाला.