साखरप्यापुढचा चढ

घासलेल्या क्लचची पहिली खबर कानाला लागते. आंब्याच्या क्रेटनी भरलेली पिकअप रत्नागिरीहून कोल्हापूरला निघते. हातखंबा, पाली, नाणीज मागे पडेपर्यंत काही जाणवत नाही. साखरपा ओलांडून आंबा घाटाचा चढ लागतो, ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबतो, इंजिनाचा आवाज चढत जातो आणि गाडी मात्र होती त्याच वेगाने सरकत राहते. दोन वळणे गेली की केबिनमध्ये हापूसच्या वासावर दुसरा एक वास चढतो, जळक्या रद्दीसारखा. तो एकदा नाकात बसला की विसरत नाही. गॅरेजच्या भाषेत, क्लच स्लिप मारू लागलेला असतो.

इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील फिरते. तिच्या आणि प्रेशर प्लेटच्या मध्ये क्लच प्लेट दाबून धरलेली असते. प्लेटच्या दोन्ही अंगांना लायनिंग, मधोमध धक्के पचवणाऱ्या छोट्या स्प्रिंगा. पेडल दाबले की रिलीज बेरिंग डायफ्राम स्प्रिंगच्या पाकळ्या ढकलते, पकड सुटते. पाय उचलला की पकड परत येते. पकड पूर्ण असताना काहीच झिजत नाही. झीज होते ती मधल्या क्षणात, फ्लायव्हील वेगात आणि प्लेट मागे असताना. चढावर ट्रॅफिक तुंबले की हँडब्रेक न ओढता हाफ क्लचवर गाडी तोलून धरणे, पेडलवर डावा पाय विसावलेला ठेवणे, या सवयी तो क्षण मिनिटामिनिटांचा करतात. प्लेट लवकर जाते तेव्हा दोष बहुधा प्लेटचा नसतो, त्या डाव्या पायाचा असतो.

या लायनिंगची कुळकथा बुटापाशी जाते. इंग्लंडमधल्या डर्बीशरच्या डोंगराळ रस्त्यांवर घोडागाड्या उतरताना लाकडी ब्रेक चाकावरून घसरायचे, म्हणून गाडीवान त्यांना जुन्या बुटाचे तुकडे ठोकायचे. हे पाहून हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाच्या डोक्यात विचार आला, असे सांगतात. १८९७ मध्ये त्याने चॅपल-एन-ल-फ्रिथजवळ प्रयोग सुरू केले: विणलेले पट्टे राळेसारख्या पदार्थांत भिजवायचे आणि घासून, तापवून पाहायचे. त्यातून ‘फेरोडो’ ही कंपनी उभी राहिली. फ्रूड या आडनावातली अक्षरे उलटीपालटी करून, त्यात बायकोच्या एलिझाबेथ या नावाचे आद्याक्षर मिसळून हे नाव तयार झाले, अशी त्याची हकीकत आहे. घसरणीच्या भीतीतून सुरू झालेल्या उद्योगाच्या नावात घरचे माणूस असावे, ही गोष्ट फार गोड आहे. त्या काळच्या मोटारींचा क्लचही चामड्याचाच होता. शंकूच्या आकाराच्या भागावर कातडे चढवलेले आणि तो फ्लायव्हीलच्या पोकळीत जाऊन बसायचा. कातडे कोरडे पडून झटके देऊ लागले की त्याला तेल पाजायचे, आणि घसरू लागले की त्यावर चक्क मुलतानी माती भुरभुरायची. चेहऱ्याचे तेल शोषायला घरोघरी वापरतात तीच माती शंभर वर्षांपूर्वी मोटारीला चढ चढवत होती. पुढे ॲस्बेस्टॉस आले. ते उष्णतेला दाद देत नव्हते, पण त्याची धूळ कामगारांच्या फुप्फुसांत उतरली. म्हणून जुन्या गाडीची क्लचधूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.

संशय आला की खात्री करून घेता येते. सपाट जागी हँडब्रेक घट्ट ओढून गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकावी, इंजिन थोडे वाढवून क्लच सोडावा. क्लच शाबूत असेल तर इंजिन हिसका देऊन बंद पडते. चालूच राहिले तर क्लच घसरतो आहे. ही चाचणी एकदाच करावी, कारण उरलेसुरले लायनिंग तिच्यातच जळते.

माल भरलेला असताना घाटात हे उद्भवले तर गाडी कडेला घेऊन क्लच निवू द्यावा. नंतर खालचा गिअर, हलका ॲक्सिलरेटर आणि कमीत कमी थांबे, एवढ्यावर बऱ्याचदा माथा गाठता येतो. नाशवंत माल दुसऱ्या गाडीत चढवणे त्याहून शहाणपणाचे.

गॅरेजमध्ये प्रोपेलर शाफ्ट सोडवून गिअरबॉक्स खाली उतरवला जातो. जुनी प्लेट हातात आली की लायनिंगमधून वर आलेले रिबिट बोटाला लागतात. फ्लायव्हीलवर त्यांच्या रेघा असतात, कुठे कुठे उष्णतेने उमटलेले निळे डाग. त्या निळ्यात मोरपिसाची झाक असते. चरे वरवरचे असतील तर लेथवर फेस मारून घेतात. खोल तडे असतील तर फ्लायव्हील बदलावीच लागते. याच वेळी क्रँकच्या मागचे ऑइल सील पाहायचे. ते गळत असेल तर नवी प्लेटही तेलात भिजून घसरेल. नुसती प्लेट बदलून प्रेशर प्लेट आणि बेरिंग जुनेच ठेवणे ही खोटी काटकसर आहे, कारण गिअरबॉक्स पुन्हा उतरवायची मजुरी सुटत नाही.

नवी प्लेट बसवताना तिची बाजू नीट पाहावी लागते, उलटी बसली तर सगळे पुन्हा उघडावे लागते. ती मधोमध आणून प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळतात. लायनिंगला तेलकट बोट लागू देत नाहीत. चांगला मेकॅनिक आधी हात साबणाने धुऊन, पुसून कोरडे करतो. पहिले काहीशे किलोमीटर ओझे हलके ठेवावे, तोवर दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर बसतात. घाटाची खेप त्यानंतर.