बांगडी शेवटी का पोहोचते

कॉमर्स करून बँकेत लागले, तेव्हापासून फिजिक्सशी माझा संबंध नाही. भाची यंदा बारावी सायन्सला आहे. तिच्या पुस्तकातल्या पहिल्याच धड्यात 'मौत का कुआँ'चं गणित दिसलं आणि मी वही घेऊन बसले. जत्रेतल्या त्या उभ्या भिंतीवर फिरणारा मोटारसायकलवाला पडत का नाही, हे लहानपणापासून विचारायचं राहून गेलं होतं.

आकृतीतच अडले. वजनाचा बाण खाली, घर्षणाचा वर, भिंत चाकाला रेटते तो आडवा, केंद्राकडे. मग अभिकेंद्री बलाचा चौथा बाण कुठून काढायचा? बराच वेळ शोधल्यावर भाची म्हणाली, "मावशी, तो वेगळा नसतोच गं. भिंत रेटतेय ना, तेच ते." दोरीला बांधून फिरवलेल्या दगडाला दोरीचा ताण आत ओढतो, सपाट रस्त्याच्या वळणावर टायरचं घर्षण, चंद्राला पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण. प्रत्येक गणितात आधी हेच विचारायचं: इथे आत कोण खेचतंय?

मग आकडे घातले. त्रिज्या 5 मीटर, घर्षणांक 0.5, गुरुत्वत्वरण 10. भिंतीचा रेटा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले त्रिज्या. घर्षण फार तर त्याच्या निम्मं, आणि तेवढ्यानं सगळं वजन पेललं पाहिजे. वस्तुमान दोन्ही बाजूंना आलं आणि कटलं. वेगाचा वर्ग 100, वेग सेकंदाला 10 मीटर, म्हणजे ताशी 36 किलोमीटर. गाडीवाला सडपातळ असो की धिप्पाड, किमान वेग तोच!

पुढे घरंगळणाऱ्या वस्तू आल्या आणि त्यांच्याबरोबर मोमेंट ऑफ इनर्शिया. मला कळलं ते असं: वस्तू फिरवायला किती जड जाते, त्याचं हे माप. वस्तुमान आसापासून जितकं लांब, तितकं ते जास्त. उतारावर घर्षण नसताना नुसतं घसरण्याचं जे त्वरण, त्याच्या भरीव गोळ्याला 5/7 मिळतं, चकतीला 2/3, कड्याला 1/2. इथेही वस्तुमान गायब, आणि त्रिज्यासुद्धा. हे मात्र पटेना. म्हणून एक लांब फळी दोन जाड पुस्तकांवर टेकवली आणि गोटी, कॅरमचा स्ट्रायकर आणि काचेची बांगडी वरून एकदम सोडली. त्याच क्रमानं खाली आल्या. बांगडी बदलून मोठी घेतली, तरी तीच शेवटी.

त्यांना फिरवतंय कोण, हाही प्रश्न होताच. वजन बरोबर मध्यातून खाली जातं, त्याच्यानं काही फिरत नाही. फिरवतं ते फळीचं घर्षण. बांगडीचं सगळं वस्तुमान कडेला, म्हणून तिची निम्मी गतिज ऊर्जा स्वतःभोवती फिरण्यातच जाते. गोटीची जाते सातात दोन भाग.

घरी करून पाहा. फळी मात्र फार उभी धरू नका, वस्तू घरंगळायच्या ऐवजी घसरल्या की हे अपूर्णांक लागू होत नाहीत.