समुद्र नसलेला खलाशी

खलाशी म्हटलं की आपल्याला कोकणातली होडी आठवते. चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यात समुद्राचा पत्ता नाही, तरी खाणीच्या वर्कशॉपात खलाशी असतो. अवजड नग बांधणारा, उचलणारा, सरकवणारा. केरळातल्या बेपूरचे मापिला खलाशी याच हुन्नरासाठी नावाजलेले. 1988 मध्ये पेरुमणला रेल्वेचे डबे अष्टमुडी सरोवरात कोसळले, तेव्हा ते काढायला त्यांची मदत घेतली होती.

माझे मोठे मामू असेच खलाशी होते. डंपरचं इंजिन उतरवायचं असो की शॉवेलची बकेट दुरुस्तीला काढायची असो, बांधणी त्यांची. शाळा सातवीपर्यंत, पण स्लिंगचा कोन नजरेनं मोजायचे. दहा टनांचा नग दोन स्लिंगांवर टांगला की प्रत्येकीवर पाच टन, हा आपला हिशेब. तो खरा ठरतो दोन्ही सरळ उभ्या असतील तरच. जमिनीशी 60 अंशांचा कोन झाला की प्रत्येकीवर पावणेसहा टनांच्या आसपास ताण येतो आणि 30 अंशांवर पूर्ण दहा टन! नग तोच, स्लिंगा त्याच. मामू म्हणायचे, “रस्सी जितनी लेटती, उतना बोझा खाती.”

शॅकलची पिन हरवली म्हणून तिथं साधा बोल्ट घालू द्यायचे नाहीत. लोखंडाच्या धारेवर जुन्या टायरचा तुकडा ठेवून मगच वायररोप टाकायचे. नग आधी वीतभर उचलून थांबायचं, तोल बघायचा, मग पुढं. क्रेनला इशारा एकानंच द्यायचा. पण ‘थांब’ कुणीही म्हणू शकतो, अगदी झाडूवालासुद्धा, आणि ऑपरेटरनं ते ऐकायचंच.

माझ्या मते सगळी सुरक्षा या एका शब्दावर उभी आहे, आणि नेमका तोच आता महाग झालाय. मामूंचा नातू एका ठेकेदाराकडे हेच काम करतो. हायड्रा लोड घेऊन चालते आणि हा शेजारून, झुलणारा नग हातानं धरून. मी विचारलं, “थांब म्हणत नाहीस?”

तो हसला. “चाचा, म्हणलो तर उद्याचा गेटपास कोण देईल?”

सुरक्षा सप्ताहात हेल्मेटं वाटतात, शपथ घेतात. या प्रश्नाला तिथं कुणी हात लावत नाही.

मामूंनी ऐकून घेतलं, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बाजारातून वीस हात नायलॉनची दोरी आणली आणि नगाच्या टोकाला गाठ कशी मारायची, लांबून कसं धरायचं, ते पोराला अंगणात दाखवत बसले. हाताला गुंडाळायची नाही, हे तीनदा सांगितलं.